विंगेतला देव

विंगमामांना काहीही बोलायचं झालं की ते आधी हळूच स्वतःला सांगायचे. दुकानात उभे राहिले की ओठांतल्या ओठांत "एक साबण द्या", आणि मग मोठ्याने, "एक साबण द्या." दुकानदार कधीकधी पहिल्यालाच साबण पुढे करायचा. मग मामांची पंचाईत, कारण तोंडाशी आलेलं दुसरं वाक्य ठेवायचं कुठे? ते बोलूनच टाकायचे. हातात साबण धरून साबण मागणारा माणूस आमच्या रस्त्याला तेवढा एकच होता.

याला वेड म्हणू नका. धंद्याचा रोग होता तो. मामांनी उभा जन्म थिएटरात काढला, पण उजेडात नाही, बाजूच्या काळ्या पडद्याआड, म्हणजे विंगेत. ते प्रॉम्प्टर होते. स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता, वर कागदाने झाकलेला मिणमिणता दिवा, आणि नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं. या धंद्याचा कायदा एकच: नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला जाता कामा नये. प्रेक्षकाला ऐकू आलेला प्रॉम्प्टर म्हणजे खिसा कापताना पकडला गेलेला पाकीटमार. कंपनीचे मुख्य नट, ज्यांना सगळे राजेसाहेब म्हणायचे कारण ते फक्त राजेच व्हायचे, त्यांचं पाठांतर दिव्य होतं. सिंहासनावर बसून हात वर करायचे, डोळे गरागरा फिरवायचे, आणि थांबायचे. लोक म्हणायचे, काय तो ठहराव! ठहराव कसला, साहेब मामांची वाट बघायचे. एकदा पहिल्या रांगेतल्या एका बाई शेजारणीला म्हणाल्या, "राजापेक्षा त्या पडद्यामागच्या माणसाचं मला जास्त कळतंय." राजेसाहेबांनी त्यानंतर मामांशी बोलणंच टाकलं. रंगमंचावर मात्र वाक्य घेत राहिले. माणूस रुसला तरी राज्य चालवायला लागतंच.

मामांचं लग्न झालं नाही. कपडेपटातल्या एका बाईवर त्यांचा जीव होता, ही गोष्ट कपडेपटातल्या कोटांनासुद्धा ठाऊक होती. एकदा धीर करून त्यांनी तिला विचारलंही. पण पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, आणि तिला वाटलं मामा खोकताहेत. तिने खोकल्याची गोळी आणून दिली. मामांनी ती खाल्ली.

मग थिएटर बंद झालं. तिथे गालिच्यांचं दुकान आलं. मामा दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत येऊन बसले ते बसलेच. खोलीची खिडकी मागच्या लॉन्ड्रीच्या भिंतीकडे उघडायची. दिवसभर तिथून वाफ यायची आणि काचेवर धुकं धरायचं. रविवारी थोरल्या बहिणीचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवलो, ताई."

"काय जेवलास?"

मामा आधी पुटपुटायचे, मग सांगायचे. ताई चिडायची. "अरे, माझ्याशी बोलताना तरी तालीम नको करूस! फोनचं बिल काय दोनदा भरू?"

एवढं बोलणं आठवडाभर पुरवायचं. बाकी दिवसांत जिभेचा उपयोग पोस्टाची तिकिटं चिकटवायला, आणि पत्रं लिहायला तर कोणी नव्हतंच.

अशात त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचं काम मिळालं. एक कंपनी होती. लोकांना वाचायला वेळ नाही म्हणून ती पुस्तकं कोणाकडून तरी वाचून घ्यायची आणि फोनवर ऐकायला द्यायची. थिएटरच्या जुन्या मॅनेजरने मामांचं नाव सुचवलं. कंपनीची जागा एका दातांच्या दवाखान्याखाली तळघरात होती. वर डॉक्टरांचं ड्रिल सुरू झालं की खाली वाचणाऱ्याला थांबावं लागायचं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणारा एक आडदांड गृहस्थ बसायचा, कानांवर कायम हेडफोन. त्याला सगळे कानटोप्या म्हणत. ड्रिल सुरू झालं की तो थर्मास उघडायचा आणि काचेवर टकटक करून विचारायचा, "मामा, चहा?"

आणि उत्तराची वाट बघायचा. हे महत्त्वाचं. आख्ख्या शहरात मामांना काहीतरी विचारून उत्तरासाठी थांबणारा तो एकमेव माणूस होता. मामा त्या चहासाठी सकाळी दाढी करायचे. काम गेलं तर दाढीही जाणार, चहाही जाणार, आणि पुन्हा लॉन्ड्रीची वाफ. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून ते तिथे अंग चोरून, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असे वागायचे.

तर एके दिवशी मामांच्या हातात एक कादंबरी आली. नाव इतकं लांबलचक की मुखपृष्ठावर देवांना उभं राहायला जागा उरली नव्हती. आत मात्र देवांची नुसती गर्दी. गोष्ट अशी की जितकी माणसं पूजतील तितकं देवाचं बळ. पूजा आटली की देव आटतो. जुना वीजदेव, ज्याच्या गडगडाटाने एके काळी राजे पलंगाखाली शिरायचे, आता बल्ब आल्यावर एका गोदामात रखवालदार झालेला. त्याच्या जागी गर्दीचा देव गादीवर बसलेला. त्याला ना मंदिर लागत होतं ना दिवा, जिथे पाच माणसं मान खाली घालून फोन बघतील तिथे त्याचं बळ वाढायचं. आणि एक होती विहिरीची देवी. घरोघर नळ आले, तिला कोणी विचारेना, ती लहान लहान होत काडेपेटीत मावेल एवढी झालेली. पण तिला बळ नकोच होतं. तिचं म्हणणं एवढंच की कोणी वाकून खाली बघावं, हाक मारावी, आणि आपण ओ द्यावी.

मामा तिच्या पानांपाशी आले की सावकाश वाचायचे.

आता झालं काय, एवढे सगळे देव एकट्याने बोलायचे म्हणजे मामांच्या नाकीनऊ आले. जन्मभर दुसऱ्याला वाक्य दिलेलं, स्वतः कधी उजेडात बोललेले नाहीत. मग सवयीने ते देवाचं वाक्य आधी कुजबुजत स्वतःला द्यायचे आणि मग देवाच्या आवाजात बोलायचे. कुजबुज इतकी बारीक की त्यांचं त्यांनाही भान नसायचं. कानटोप्याच्याही कानी पडली नाही, कारण, आतली गोष्ट सांगायची तर, त्या हेडफोनमध्ये अर्धा वेळ फुटबॉलची मॅच चालू असायची. पण पुढे आवाज साफ करणारं जे यंत्र होतं, त्याने आपलं काम इमानाने केलं. बारीक आवाज वर उचलायचा असं त्याला शिकवलेलं. त्याने कुजबुज उचलली आणि झाडून पुसून ठेवून दिली.

कादंबरी लोकांच्या कानांत गेली आणि एकच गहजब झाला. वीजदेव बोलायच्या आधी कोणीतरी त्याचं वाक्य कुजबुजतंय! गर्दीचा देव फर्मान काढायच्या आधी ते फर्मान कोणीतरी त्याच्या कानात सांगतंय! म्हणजे देवांच्याही मागे कोणी आहे! म्हणजे खरी सत्ता गादीवर नाहीच! लोकांनी त्याचं नाव ठेवलं कुजबुज्या. कोणी म्हणालं तो सृष्टीच्या आधीपासून आहे. कोणी म्हणालं तो काळ आहे. कोणी त्याचं चित्र काढलं: काळा पडदा आणि त्यातून दिसणारा एक कान. ते चित्र शर्टांवर छापून विकायला आलं. परीक्षेला जाणारी मुलं म्हणे त्याचं नाव घ्यायला लागली, जे एका अर्थी बरोबरच होतं. अडलेल्याला उत्तर सांगणं हाच तर मामांचा धंदा होता.

मामांना हे कानटोप्याने सांगितलं.

"म्हणजे... ऐकू आलं?"

"ऐकू आलं? अहो मामा, लोक पागल झालेत! कसली आयडिया काढलीत हो!"

"पहिल्या रांगेला ऐकू आलं," मामा म्हणाले. ते खुर्चीत बसले आणि पाणी मागायचंही विसरले.

कंपनीच्या मॅनेजरबाई मात्र खुशीत होत्या. त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं, जिथे तोवर फक्त पुस्तकं लिहिणाऱ्यांना बसवत. "मामा, तुम्ही काय मुरलेले कलाकार हो! आम्हाला पत्ताच लागू दिला नाहीत. दुसऱ्या भागात कुजबुज्याच सगळ्यांचा बाप असणार. लेखिकेला सांगितलंय. तुम्ही फक्त एक करायचं, कोणी विचारलं तर सांगायचं की हे सगळं ठरवून केलं."

मामा मान डोलावून उठले. त्या दिवशी कानटोप्याने चहाबरोबर बिस्किटंही दिली. जिन्यात दवाखान्याची नर्स थांबून म्हणाली, "तुम्हीच ना ते? आमच्याकडे रूट कॅनलच्या वेळी पेशंट तुम्हालाच ऐकतात." घरी जाताना मामा जरा ताठ चालत होते. आता खोटं कशाला बोला, बरं वाटलं त्यांना. जन्मभर पडद्याआड बसलेल्याच्या अंगावर एकदा उजेड पडला तर तो काय लगेच झटकून टाकेल?

रविवारी ताई म्हणाली, "माझ्या सुनेने तुझं ते चित्र भिंतीला लावलंय. कान आहे म्हणे तुझा. मी म्हटलं, कान नाही पटत, ह्याने माझं कधी ऐकलंय?"

मग लेखिका आली. तिला मामांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकाच्या मागचा तिचा फोटो चांगला रुबाबदार होता. प्रत्यक्षात ती विमा कंपनीत दिवसभर फोन घेणारी, खांदे पडलेली मुलगी निघाली. तळघराच्या पायऱ्यांवरच तिने मामांना गाठलं.

"मामा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की, बाळ."

"ते कुजबुजणं. ते तुम्ही का केलंत?"

मामांनी उत्तर आधी स्वतःला दिलं. ओठ हलले. तिने ते पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अय्या," ती म्हणाली, "तुम्ही ठरवून नाही केलंत."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. "चूक झाली," ते म्हणाले. "सवय आहे. सांगू नकोस कोणाला."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. वर ड्रिल सुरू झालं आणि थांबलं. मग ती बोलली, आणि बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. कादंबरी तिने विहिरीच्या देवीसाठी लिहिली होती. तिची आजी शेवटी शेवटी एका खोलीत पडून असायची, येणाऱ्याजाणाऱ्याची चाहूल लागली की ओ द्यायची, कोणी हाक मारलेली नसताना. ती आजी म्हणजे देवी. बाकी सगळे देव त्या काडेपेटीभोवती उभे करायला आणलेले. आणि आता रोज ढिगाने पत्रं येतात, त्यात देवीचं नाव एकाही पत्रात नाही. सगळ्यांना कुजबुज्या पाहिजे, जो तिने लिहिलाच नाही.

"मॅनेजरबाई म्हणतात, दुसऱ्या भागात देवी कमी कर. तिच्यात दम नाही म्हणे. मी लिहिलेल्या पुस्तकात, मामा, मीच आता काडेपेटीत बसलेय."

"माझ्यामुळे," मामा म्हणाले.

"तसं नाही म्हणत मी."

"पण आहे तसंच."

तिने नाक पुसलं. "तुम्ही नुसतं खरं सांगितलंत ना, की ही चूक होती, तर त्यांना ती काढावी लागेल. मग माझी गोष्ट मला परत मिळेल. पण तुमचं काम जाईल, ते मला कळतंय. म्हणून मी सांगा असं म्हणत नाही. नुसतं विचारायला आले होते."

ती गेली. मामा पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी कानटोप्याने काचेवर टकटक केली तेव्हा मामांनी हो म्हणायला फार वेळ लावला.

पुढचे काही दिवस ते दाढी करत राहिले, चहा पीत राहिले. शेवटी एका सकाळी ते कामाच्या आधीच मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. ओठ हलवले, आणि मग मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "तो देव नाही. तो मी आहे. चुकून ऐकू आलं. काढून टाका."

मॅनेजरबाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या काही वाईट बाई नव्हत्या. "बसा मामा. पाणी घ्या. मला आधीच शंका आली होती."

"मग काढणार ना?"

"अहो, आता तो तुमच्याही हातात नाही आणि माझ्याही. लोक मानतात तर तो आहे. पुस्तकात लिहिलंय ना हेच?" त्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. "फक्त, तुम्ही हे बाहेर कुठे बोललात तर सगळा डाव उधळेल. माईकसमोर, मुलाखतीत, तुमच्या तोंडून निघालं तर? तुमचा स्वभाव मला दिसतोय. तेव्हा दुसरा भाग आपण जरा वेगळ्या पद्धतीने करू. तुमचा आवाज आमच्याकडे भरपूर आहे. यंत्र शिकतं त्याच्यावर आणि तुमच्यासारखं बोलतं. तुम्हाला एवढ्या पायऱ्या उतरायचा त्रास नको."

म्हणजे देवाला ठेवलं आणि मामांना काढलं. कानटोप्या पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. त्याने थर्मासच मामांच्या हातात दिला. "ठेवा, मामा. माझ्याकडे दुसरा आहे." हेडफोन मात्र त्याच्या कानांवरच होते, त्यामुळे मामा काय म्हणाले ते त्याला कळलं की नाही, देव जाणे. कुठला देव, ते तुम्ही ठरवा.

दुसरा भाग आला. मामांनी फोनवर ऐकला. त्यांचाच आवाज, त्यांचीच कुजबुज, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांनी उच्चारलेलं नाही. कुजबुज्या आता आभाळ हलवत होता, गाद्या उलथवत होता. विहिरीची देवी एका प्रकरणात आली. लेखिकेने भांडून तेवढं ठेवलं असणार. पण तिच्या ओ देण्याच्या आधीही यंत्राने कुजबुजून घेतलं. मामांनी तिथे फोन बंद केला. लेखिकेला फोन लावावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण काय बोलायचं याची तालीम काही जमेना. लॉन्ड्रीची वाफ काचेवर साचत राहिली. दाढी वाढली. ताई म्हणाली, "तुझा आवाज बसलाय का रे?" मामा म्हणाले, "नाही, ताई. पडून आहे."

एका दुपारी दार वाजलं.

बाहेर एक पन्नाशीचा गृहस्थ उभा. हातात फुलांचा गुच्छ, शर्टाच्या खिशात तीनचार चष्मे, बोटांना काच घासायची पांढरी भुकटी. चष्म्याचं दुकान होतं म्हणे त्याचं चौकापलीकडे. पत्ता त्याला कोणी दिला ते इथे उगाळत बसायचं कारण नाही. शेजार आहे म्हणजे पत्ते दिले जायचेच.

"कुजबुज्या इथेच राहतात का?" त्याने विचारलं. "म्हणजे, ज्यांचा आवाज आहे, ते?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ती वाट बघणारी नजर होती, सिंहासनावरच्या राजेसाहेबांची असायची तशी. हो म्हटलं असतं तर तो माणूस गुच्छ पुढे करून दोन शब्द बोलला असता, एखादी कुजबुज करून दाखवा म्हणाला असता, आणि धन्य होऊन निघून गेला असता. देवाकडे कोण जास्त वेळ बसतं?

"नाहीत ते," मामा न वापरून घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाले. "बाहेरगावी गेलेत."

"अरेरे." चष्मेवाल्याचे खांदे पडले. "कधी येतील?"

"काही सांगता येत नाही त्यांचं."

"हो, हो. बरोबर आहे. त्यांचं कसं सांगता येणार." तो वळला, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "आपण कोण त्यांचे?"

"मी शेजारी," मामा म्हणाले. "उन्हाचे आला आहात. चहा घ्या आणि जा."

चष्मेवाला आत आला. खोलीतली एकच खुर्ची त्याला दिली, मामा पलंगावर बसले. तो तासभर बोलला. बायको नोकरीला दुसऱ्या शहरात, मुलगा समुद्रापार, संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलं की भिंती अंगावर येतात. मग तो कुजबुज्याला लावून ठेवतो. "आधी तो सांगतो आणि मग देव बोलतात, त्याने बरं वाटतं बघा. पुढे काय येणार ते कोणाला तरी माहीत आहे, असं वाटतं." मामा मान हलवत राहिले. आपल्या शक्तीची एवढी वर्णनं त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. मध्ये त्यांनी विचारलं, "आणि ती विहिरीची देवी?"

"कोण? हां, ती होय. ती मध्येच येते जरा. तिथे मी भांडी घासून घेतो."

मामांनी त्याचा कप पुन्हा भरला. "तिचं नीट ऐका एकदा," ते म्हणाले. "चांगलं आहे तिचं."

"असं? तुम्ही म्हणता तर ऐकतो." चष्मेवाला उठला. गुच्छ कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून मामांनी तो पाण्याच्या जगमध्ये ठेवला. दारात त्याने मामांच्या चष्म्याकडे बघितलं, डोळे बारीक केले. "दांडी वाकडी झालीये तुमची. पुढच्या वेळी येताना हत्यार आणतो. आणि ते आलेत का तेही बघून जाईन."

"या," मामा म्हणाले. "पण लगेच यायचे नाहीत ते. बराच काळ जाईल."

"चालेल हो. मी विचारत राहीन."

तो खाली उतरला. मामांनी दार लावलं, दोन कप धुतले आणि आरशापुढे उभं राहून गालावर हात फिरवला. मग दाढीचं सामान काढलं. चष्मेवाल्याला पुढच्या वेळी काय सांगायचं, देव कुठे गेलेत आणि का अडकलेत, त्याची जुळवाजुळव करायला त्यांनी सुरुवात केली. ती नीट करावी लागणार होती. कारण देव परत आले तर शेजाऱ्याला भेटायला कोण येणार होतं?